चिकटलेली पानं

स्टुडिओत त्याला सगळे वनटेक म्हणत, आणि या नावाचा त्याला भारी अभिमान होता. हिंदी पुस्तकं आवाजात उतरवून विकणारी ती एक लहानशी कंपनी. बाकीचे वाचक एकेका प्रकरणाशी अर्धा अर्धा दिवस झटापट करायचे, अडखळायचे, पुन्हा घ्यायचे, पाणी प्यायचे, नशिबाला दोष द्यायचे. हा यायचा, मधाची बाटली उघडायचा, बोटानं थोडा मध चाटायचा आणि एकदा माइकसमोर बसला की जेवणाच्या सुट्टीपर्यंत कामाचा फडशा. आवाज असा, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस एकेक शब्द मनात घोळवून मग आपल्या हातात ठेवतोय.

घोळवत बिळवत काही नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढची सगळी शोभा त्यातूनच झाली. वनटेकचे डोळे एक ओळ पुढं असायचे, जीभ एक ओळ मागं, आणि तो स्वतः तिसरीकडेच. कादंबरीतली नायिका नदीकाठी रडत असायची तेव्हा हा घरातल्या गळक्या नळाचा विचार करत असायचा, आणि तरी आवाजात असा काही ओलावा यायचा की काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट अंगठा वर करायचा. ही कला त्यानं वर्षानुवर्षं घासूनपुसून कमावली होती. कपाटभर कादंबऱ्या त्यानं मोठ्यानं वाचल्या होत्या आणि त्यांतली एकही वाचली नव्हती. हिंदी त्याच्या जिभेवर होती, घशात होती, पोटापाण्यात होती. त्यापलीकडे, मनात, तिला त्यानं कधी येऊच दिलं नव्हतं.

सासरे नेमके उलटे. घर मराठी, बोलणं मराठी, भांडणंसुद्धा मराठीत, पण आयुष्यभर शाळेत हिंदी शिकवली, आणि सुट्टीच्या दिवशी तीच वाचली. "घरात आई असताना मावशीचं एवढं कौतुक कशाला?" असं कुणी खवचटपणे विचारलं की म्हणायचे, "अहो, आई अभ्यासाला बसवते. गोष्टी मावशीच सांगते." सगळे त्यांना मास्तर म्हणत. जावयाबद्दल मास्तरांचं मत लग्नापासून एकच होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नव्हतं. मुलगा बोलतो गोड, पण काय बोलतो ते त्याला विचारू नये.

मग मास्तरांची दृष्टी गेली. आधी कडेकडेनं, मग मधोमध. डॉक्टरांनी हात टेकले. मुलीनं त्यांना आपल्या घरी आणलं आणि घरातली सगळ्यांत उजेडाची खोली दिली, ज्या उजेडाचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता. त्यांच्या पुस्तकांची खोकी आली ती बांधलेली तशीच भिंतीला लागून राहिली. मास्तर दिवसभर खुर्चीत बसायचे. जेवायला हाक मारली की यायचे, ताटात काय आहे ते विचारायचे नाहीत. दाढी वाढली. मुलगी ऑफिसला जाताना रोज दारातून मागं वळून बघायची आणि डोळे पुसत जिना उतरायची.

एक दिवस तिनंच त्यांच्या कानांत इयरफोन घातले आणि नवऱ्यानं वाचलेली एक कादंबरी लावून दिली. जावयाचा आवाज म्हणून मास्तरांनी आधी नाक मुरडलं. मग दुपारी जेवायला उठले नाहीत. संध्याकाळी चहा गार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गरम पाणी मागितलं आणि चाचपडत का होईना, स्वतः दाढी केली. हनुवटीला दोन ठिकाणी कापलं होतं, पण चेहरा पुन्हा मास्तरांचा दिसत होता.

"जावईबापू," त्या सकाळी चहाच्या टेबलावर ते म्हणाले, "मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं. मला वाटायचं, तुम्ही नुसता आवाज विकता. पण मनापासून वाचल्याशिवाय माणसाला असं वाचता येत नाही. माझं चुकलं."

वनटेकला चहाचा ठसका लागला. खरं सांगून मोकळं व्हायला याहून सोपी वेळ पुढं कधी येणार नव्हती. पण सासऱ्यानं लग्नापासून पहिल्यांदा चांगला शब्द काढला होता, आणि तो असा गोड लागला की त्यानं नुसतं "अहो बाबा, काहीतरीच" म्हटलं आणि मान खाली घातली. हा विनय मास्तरांना आवाजातून बरोबर कळला आणि फार आवडला.

तिथून रोजचा परिपाठ सुरू झाला. मास्तर दिवसभर ऐकायचे आणि संध्याकाळी जावयाची वाट बघायचे. त्या बाईनं घर का सोडलं असेल हो? त्या म्हाताऱ्याला शेवटी सगळं कळलं होतं, असं तुम्हाला नाही वाटत? वनटेकनं तीन वाक्यं तयार ठेवली होती. "तिथंच तर खरी गंमत आहे." "ते ज्याचं त्यानं ठरवायचं." आणि अगदीच अडचण आली तर, "मीसुद्धा तिथं थांबलो होतो." एवढ्या सामानावर साहित्याची कुठलीही चर्चा रेटून नेता येते, हा शोध त्याला तेव्हा लागला. मास्तर बोलत राहायचे, तो हुंकार देत राहायचा, आणि बायको स्वयंपाकघरातून दोघांकडे असं बघायची की त्याला एकाच वेळी कृतकृत्य आणि चोर असल्यासारखं वाटायचं.

मग ती दोन जावांची कादंबरी आली. जुनी, जाड, वनटेकनं वर्षभरापूर्वी वाचलेली. मास्तर तिच्या पार प्रेमातच पडले.

"पहिली ओळ ऐका. ‘घर में दो चूल्हे थे और धुआँ एक।’ संपलं! आपण हे मराठीत लिहायला बसलो असतो तर त्याला चार झालरी लावल्या असत्या. हिंदी कशी उंबऱ्यावर बसून बोलते बघा. साधी, घरगुती, आणि घाव मात्र वर्मी. आणि ती धाकटी! मोठी जाऊ तिला तू-तू म्हणून राबवते, टोमणे मारते, आणि ही पानोपानी एकच अक्षर बोलते, ‘जी।’ होकार म्हणजे तेच, मान म्हणजे तेच, आणि मनात नसलं तर नकारही तोच. एका अक्षरात अख्खी बाई उभी केलीय त्या भाषेनं."

"तिथंच तर खरी गंमत आहे," वनटेक म्हणाला.

"नाही, खरी गंमत पुढं आहे." मास्तर खुर्चीत पुढं सरकले. "मोठी आजारी पडते. वर्षानुवर्षं दोघींत धड बोलणं नाही. रात्री धाकटी पाण्याचा तांब्या घेऊन तिच्या दाराशी उभी राहते. आणि पुढच्याच वाक्याला सकाळ! दोघी एका चटईवर बसून धान्य निवडतायत, जशा काही सख्ख्या बहिणी. रात्री काय झालं? काय बोलल्या? एक अक्षर नाही! एवढा बोलका लेखक, पण नेमक्या जागी त्यानं दार लावून घेतलं आणि आपल्याला बाहेर उभं केलं. काय संयम! मी रात्रभर त्या दाराबाहेर उभा होतो हो." मग त्यांचा आवाज जरा उतरला. "पण मला एक शंका आहे. ऐकताना माझ्याकडून काही निसटलं नाही ना? पुस्तक तुम्ही हातात धरलंय. मुळातच तसं आहे ना ते?"

"मुळातच तसं आहे," वनटेक म्हणाला. क्षणाचाही विलंब नाही. वनटेकच तो. वर आणखी म्हणाला, "मी तिथं मुद्दाम किंचित थांबलोसुद्धा."

"वाटलंच मला," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी समाधानानं डोळे मिटले.

घराजवळच्या ग्रंथालयात एक वाचक मंडळ भरायचं. मुलीनं तिथं सहज बापाचं कौतुक केलं, आणि ग्रंथपालबाईंनी लगेच मास्तरांना त्या कादंबरीवर बोलायचं आमंत्रण दिलं. जावयानं मधूनमधून उतारे वाचावेत, सासऱ्यानं बोलावं, असा बेत ठरला. मास्तरांनी शर्टाला इस्त्री करून घेतली, तीही आठवडाभर आधी. दिवसभर खोलीतून त्यांचं पुटपुटणं ऐकू येऊ लागलं. उतारे निवडायचे म्हणजे पुस्तक हवं, म्हणून वनटेकनं ग्रंथालयातून ते घरी आणलं. त्याला ते नुसतं चाळायचं होतं.

चाळणं झालं गॅरेजमध्ये. गाडीचे ब्रेक करकरत होते, मेकॅनिक म्हणाला, "बसा साहेब, तासाभराचं काम आहे." फोनची बॅटरी संपलेली. टायरांच्या ढिगाशेजारी एका डगमगत्या स्टुलावर बसून वनटेकनं नाइलाजानं पुस्तक उघडलं. सुरुवातीला सवयीनं त्याचे ओठ हलत होते. मग केव्हातरी ते थांबले. आणि स्वतःचा आवाज बंद झाला तसे त्याला पुस्तकातल्या माणसांचे आवाज ऐकू यायला लागले.

मोठी जाऊ बोलली की त्याला हसू यायचं, इतकी ती तिरसट आणि खरी होती. हे वाक्य आपण कधी वाचलं? आपणच वाचलं? आपल्या तोंडून गेलं हे? धाकटीचं पहिलं ‘जी’ भाबडं होतं. स्वयंपाकघरातलं ‘जी’ थकलेलं होतं. नवऱ्यासमोरचं दबकं होतं, आणि एका दुपारच्या ‘जी’त तर इतका राग होता की वनटेकनं मान वर करून इकडंतिकडं बघितलं. ही सगळी ‘जी’ त्यानं एकाच सुरात म्हटली होती, मधात बुडवून. त्याला आता त्याची लाज वाटली, आणि लाज वाटता वाटता पान उलटायची घाईही झाली. कथा वाचताना पुढं काय होणार म्हणून माणसाला दुसरं काही सुचत नाही, हे त्याला शाळेनंतर पहिल्यांदा आठवलं.

"गाडी तयार आहे, साहेब."

"हां."

"साहेब, गाडी."

"असू दे हो जरा."

मेकॅनिकनं बिचाऱ्यानं गाडी धुवायला घेतली.

मोठी आजारी पडली. धाकटी पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी उभी राहिली. पान संपलं. आता सकाळ, चटई, धान्य, असं म्हणत वनटेकनं पान उलटलं, आणि सकाळ झालीच नाही. रात्रच होती. दार उघडं होतं, आणि धाकटी आत जाऊन बोलत होती.

"आज मेरी सुन लो, दीदी। कल फिर चुप रहूँगी।"

पुढची दोन पानं ती एकटीच बोलत होती. आजवर गिळलेलं सगळं, कुठलंही रडणं नाही, आरडाओरडा नाही, साध्या घरगुती शब्दांत, भाजी चिरावी तसं. आणि अख्ख्या पुस्तकात जिनं धाकटीला ‘तू’शिवाय हाक मारली नव्हती ती मोठी, हे सगळं ऐकून घेऊन, अंथरुणावरून एकच अक्षर बोलली, "जी।" धाकटीला. मोठीनं.

वनटेकचे डोळे भरून आले. ते पुसण्याआधीच त्यानं मागचं पान पुन्हा उलटून बघितलं. ही पानं मास्तरांनी ऐकलीच नव्हती. कारण ती वाचणाऱ्यानं वाचलीच नव्हती.

आवृत्ती वेगळी असेल, असं मनाला समजावत त्यानं गाडी थेट स्टुडिओकडे घेतली. कपाटातून आपली प्रत काढली. तीच आवृत्ती. दाराशी उभ्या असलेल्या धाकटीचं पान आणि त्यापुढचं पान कडेला घट्ट चिकटलेली होती. नखानं सोडवलं तेव्हा पिवळट, चिकट डाग दिसला. मध. त्याच्याच बोटाचा.

कुणाच्या लक्षात न येण्याचं कारणही साधं होतं. त्यांची कामाची रीतच तशी होती. पान उलटताना कागद वाजतो, म्हणून वाचणारा पान संपलं की थांबायचा, शांतपणे पान उलटायचा आणि पुढं सुरू करायचा. मधली शांतता रेकॉर्डिस्ट नंतर कापून टाकायचा. दोन पानं एकदम उलटली गेली, एका पानावर वाक्य संपलेलं, दुसऱ्यावर नवा परिच्छेद, मधला सांधा सफाईदार कापलेला. रेकॉर्डिस्टचे कान खुर्ची कुरकुरतेय का, पोट गुरगुरतंय का, यावर. गोष्ट पुढं सरकते का, हे बघायला त्या खोलीत कुणीच नव्हतं.

"दोनच पानं ना?" रेकॉर्डिस्ट म्हणाला. "सोड यार. वर्ष झालं, कुणाची तक्रार नाही. कोण एवढं मन लावून ऐकतं?"

"एकानं ऐकलंय," वनटेक म्हणाला.

घरी जाताना त्यानं ठरवलं होतं, गेल्या गेल्या सांगायचं. वाक्यही तयार केलं. दार उघडलं तर बायको हळू आवाजात म्हणाली, "ऐक, बाबा गाणं गुणगुणतायत. तू काय जादू केलीस रे?" आणि आतून मास्तरांनी हाक मारली.

"आलात का? या, बसा. मी शेवट ठरवलाय. त्या बंद दारावरच भाषण संपवायचं. धाकटी दाराशी उभी राहते तिथपर्यंत तुम्ही वाचायचं, आणि थांबायचं. तुम्ही पुस्तकात थांबलात ना, अगदी तसं. मग मी बोलेन."

"बाबा, त्या जागी..." वनटेक म्हणाला.

"कळतंय मला. अवघड जागा आहे. पण तुम्हाला जमेल."

त्याचं तयार वाक्य तोंडातच विरघळलं. दुसऱ्या दिवशी सांगू म्हणाला, आणि दुसरा दिवसही गेला. स्वतःची समजूत घालायला त्याला एक कारण सापडलं होतं, आणि ते कारण त्याच्याइतकंच पोकळ होतं. एवढी जुनी, जाड कादंबरी वाचलीय कुणी? येतील चार माणसं, ऐकतील, टाळ्या वाजवतील, चहा पिऊन घरी जातील. आपण वाचत नाही म्हणजे जगात कुणीच वाचत नाही, असं त्याला आजवर खरोखरच वाटत आलं होतं.

ग्रंथालयाचं सभागृह म्हणजे पुस्तकांच्या मांडण्या बाजूला सारून मांडलेल्या खुर्च्या. वनटेक मास्तरांना हाताला धरून आत घेऊन गेला तेव्हा पहिली गोष्ट त्याला दिसली ती ही, की जवळजवळ प्रत्येकाच्या मांडीवर ते पुस्तक होतं. नवं, जुनं, कव्हर घातलेलं, कोपरे दुमडलेलं. बायकोला सुट्टी मिळाली नव्हती, तेवढंच नशीब.

मास्तर बोलले मात्र अप्रतिम. समोर कागद नाही, डोळ्यांना काही दिसत नाही, पण वाक्यामागून वाक्य असं येत होतं की माणसं पुढं वाकून ऐकत होती. पहिल्या ओळीवर बोलले, धुरावर बोलले, दुसऱ्याची भाषा आपली करून घेण्यात केवढं सुख असतं त्यावर बोलले. मग त्यांनी हलकेच जावयाकडे हात केला. वनटेकनं वाचायला सुरुवात केली. धाकटी अंगणातून आली, तांब्या भरला, दाराशी उभी राहिली. पानाच्या कडेवर त्याचं बोट होतं. एवढं बोट हलवलं असतं तरी पुरे होतं. तो थांबला.

"आणि इथं," मास्तर म्हणाले, "लेखक गप्प बसला. दारापलीकडे त्या दोघी काय बोलल्या, ते त्यानं आपल्याला सांगितलं नाही. मोठा लेखक कुठं लिहितो त्यावरून नाही, कुठं लिहीत नाही त्यावरून ओळखावा."

खुर्च्यांमधून आधी कागदांची सळसळ झाली. कुणीतरी शेजारणीला कोपरानं खुणावलं. मग पुढच्या रांगेतल्या एक पिकल्या केसांच्या डॉक्टरीणबाई, फार संकोचून, अर्धवट उठल्या.

"सर, माफ करा हं. पण त्या बोलतात ना. पुढचीच दोन पानं आहेत. ‘आज मेरी सुन लो, दीदी...’"

मास्तरांचा चेहरा क्षणभर रिकामा झाला. मग तो चेहरा हळूहळू जावई बसला होता त्या बाजूला वळला.

"जावईबापू, पुस्तक तुमच्या हातात आहे. आहे का तसं?"

"आहे," वनटेक म्हणाला.

मास्तर थांबले. ते का थांबले हे त्या खोलीत फक्त दोघांना कळलं. म्हाताऱ्यानं संधी ताटात वाढून पुढं सरकवली होती. चूक माझी आहे, पानं माझ्याकडून सुटली, यांना मीच खोटं सांगितलं. एवढंच म्हणायचं होतं. हजारो पानं न अडखळता वाचलेली ती जीभ टाळ्याला चिकटून बसली. वनटेक हातातल्या पुस्तकाकडे बघत राहिला.

"मग मीच तिथं डुलकी काढली असणार," मास्तर शेवटी हसून म्हणाले. "वय झालं, मंडळी. म्हाताऱ्याला सांभाळून घ्या."

सगळे हसले. त्या हसण्यात टवाळी नव्हती, माया होती, आणि म्हणून ते वनटेकला जास्त लागलं. मास्तरांनी डॉक्टरीणबाईंना विनंती केली, "ती पानं वाचाल का? मला ऐकायची आहेत." बाईंचा आवाज घोगरा होता. त्या अडखळल्या, चष्मा पुसायला थांबल्या, एक ओळ दोनदा वाचली. मोठीच्या त्या एका अक्षरापाशी तर त्यांना पुढं वाचवेना. मास्तर मान खाली घालून ऐकत होते. त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर डोळ्यांतलं पाणी पडलं, आणि ते त्यांनी पुसलं नाही.

गाडीत बसल्यावर वनटेक नेहमीसारखा त्यांचा पट्टा लावायला वाकला. मास्तरांनी त्याचा हात बाजूला केला आणि स्वतः चाचपडत पट्टा लावला. वनटेकनं गाडी रस्त्यावर घेतली.

"मध लागला होता," वनटेक म्हणाला. "पानं चिकटली होती. मला खरंच कळलं नाही, बाबा."

"पानं चिकटतात," मास्तर म्हणाले. "त्यात काही नाही. मी तुम्हाला विचारलं होतं."

वनटेकनं गिअर बदलला.

"विचारलं होतं की नाही?"

"हो."

"मग?"

"तेव्हा मी ते वाचलेलंच नव्हतं. कुठलंच वाचलेलं नाही. नुसतं बोलत गेलो. हे आत्ता वाचलं, परवा, गॅरेजमध्ये." आणि मग, काय बोलावं ते न सुचून, तो म्हणाला, "फार चांगलं आहे."

"आहेच," मास्तर म्हणाले.

सिग्नल लागला. शेजारच्या गाडीत कुणीतरी मोठ्यानं गाणी लावली होती. मास्तरांनी काच वर केली.

"आता एकच सांगा. मी तुमची सगळी पुस्तकं ऐकली. त्यांत आणखी कुठं कुठं?"

वनटेकनं उत्तर शोधलं. कपाटभर पुस्तकं, त्यांतल्या असंख्य जागा जिथं मास्तर संध्याकाळी थांबले होते, ज्यांच्यावर बोलताना त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांतल्या एकाही जागेची हमी त्याला देता येईना.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे मी ऐकलं त्यातलं लेखकाचं किती आणि तुमच्या मधाचं किती, हे आता कुणालाच माहीत नाही."

हे त्यांनी रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण ते हिशेब चुकलेल्या माणसासारखे नुसते स्वतःशीच बोलले. सिग्नल सुटला, मागच्यानं हॉर्न दिला, तेव्हा कुठं त्यानं गाडी पुढं घेतली.

घर जवळ आलं तेव्हा मास्तर म्हणाले, "त्या डॉक्टरीणबाई दर गुरुवारी घरी येऊन वाचते म्हणाल्या. पहिल्यापासून, सगळी पुस्तकं. मी हो म्हटलंय."

"बरं."

"तुम्हाला वेळ असला तर तुम्हीही बसा. ऐकायला."

वनटेकनं मान हलवली. मग म्हाताऱ्याला ती दिसली नसणार हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याला तोंडानं "बसतो" म्हणावं लागलं.